आज्ञेने आवाज : संगणकाच्या ध्वनिपातळीचे कमांड लाईनवरून नियंत्रण

संगणकाचा आवाज कमी-जास्त करणे ही इतकी किरकोळ बाब समजली जाते की, संगणक शिक्षणाच्या वर्गात तिच्यासाठी सहसा वेगळा पाठ घेतला जात नाही. पडद्याच्या कोपऱ्यात कर्ण्याचे लहानसे चित्र असते. त्यावर माऊसने टिचकी मारावी, पट्टी वर-खाली सरकवावी, की काम संपले. ज्याला पडदा दिसतो त्याच्यापुरते हे खरे आहे.

दृष्टिहीन विद्यार्थ्याची गोष्ट वेगळी. तो संगणक वापरतो तो पडदावाचकाच्या, म्हणजे स्क्रीन रीडरच्या, आधाराने. पडद्यावरील मजकूर, खिडकीचे नाव, निवडलेली फाईल हे सर्व पडदावाचक बोलून दाखवतो. अशा विद्यार्थ्याच्या आधी त्याच यंत्रावर बसलेल्या कोणी आवाज बंद करून ठेवला असेल, तर त्याच्यापुरता पडदाच नाहीसा होतो. आवाज सुरू करण्यासाठी कर्ण्याचे चित्र शोधावे, तर ते कोठे आहे हे सांगणारा आवाजच बंद. कुलपाची किल्ली पेटीतच राहून पेटी लागावी, तसा हा प्रकार आहे. शेजारच्या मुलाला हाक मारणे हा उपाय आहेच; परंतु रोज हाक मारावी लागणे म्हणजे स्वावलंबन नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासकीय अनुदानित व मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी आपल्या सुविधा दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येतील अशा ठेवणे अपेक्षित आहे. संगणक कक्षाच्या दाराशी उतार बांधला जातो. आत यंत्राचा आवाज बंद असेल तर काय, हा विचार मात्र क्वचितच होतो.

या अडचणीवरील एक भक्कम उपाय कमांड लाईन हा आहे. कमांड लाईन म्हणजे चित्रांऐवजी लेखी आज्ञा टाइप करून यंत्राकडून काम करून घेण्याची पद्धत. ती जुनाट झाली असा समज आहे. खरे तर चित्राला नजर लागते, आज्ञेला फक्त बोटे लागतात. टंकलेखन येणाऱ्याला अंधारातही आज्ञा देता येते.

ध्वनीचा मार्ग

आज्ञा समजण्यापूर्वी आवाज नेमका कोठे अडतो हे समजले पाहिजे. त्यासाठी बऱ्हाणपूरच्या वाचकाला घरचेच उदाहरण देता येईल. इ.स. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या सुभेदारीच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाच्या आखणीनुसार येथे कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्याकडून तापीच्या दिशेने जमिनीखाली झिरपणारे पाणी अडवून ते भूमिगत बोगद्याने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, आणि शेवटी जाली करंज येथे साठवून नळांद्वारे शहरात नेले जाई. पंप नाही, रहाट नाही, केवळ उतार. खूनी भंडारा या नावानेही ही वास्तू ओळखली जाते आणि २०२४ मध्ये तिचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाला. या रचनेचा एक गुण असा की, घराच्या तोटीला पाणी येणे हे एका ठिकाणावर अवलंबून नसते. वाटेतील एकही ठिकाण तुंबले की तोटी कोरडी पडते, आणि तोटी कितीही फिरवली तरी उपयोग होत नाही.

संगणकातील ध्वनीचाही असाच टप्प्याटप्प्याचा प्रवास असतो. प्रथम गाणे वाजवणारा किंवा मजकूर वाचणारा प्रोग्रॅम स्वतःचा आवाज ठरवतो. त्यानंतर ध्वनी-सेवक, म्हणजे साऊंड सर्व्हर, निरनिराळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळतो. त्याखाली यंत्रणेच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नेलमधील, ड्रायव्हर. त्याखाली प्रत्यक्ष ध्वनीची चिप, जिला कोडेक म्हणतात. आकड्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर येथे होते. आणि शेवटी स्पीकर किंवा हेडफोन, ज्यांच्यावर पुष्कळदा आणखी एक फिरवायची चकती असते. यांपैकी बहुतेक टप्प्यांवर आवाज कमी करता येतो आणि बंदही करता येतो. पडद्यावरील कर्ण्याचे चित्र यांतील एकाच टप्प्याशी, सामान्यतः ध्वनी-सेवकाशी, बोलते. चिपच्या पातळीवर हेडफोनचा मार्ग बंद असेल तर पट्टी शंभर टक्क्यांवर नेऊनही काही ऐकू येत नाही, आणि वापरणारा स्पीकर बिघडला असे समजून दुरुस्तीवाल्याकडे जातो.

लिनक्सवर हे टप्पे वेगवेगळ्या काळात तयार झाले, म्हणून त्यांच्या आज्ञाही वेगवेगळ्या आहेत. हा इतिहास थोडक्यात पाहिला म्हणजे आज्ञांचा घोळ बराचसा कमी होतो. आरंभी फिनलंडच्या हन्नू सावोलाइनेन यांची ओएसएस ही ध्वनियंत्रणा होती. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये एका विशिष्ट साऊंड कार्डासाठी सुरू केलेल्या कामातून ‘अल्सा’ उभी राहिली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या लिनक्स कर्नेलपासून ती मुख्य यंत्रणा झाली आणि आजही चिपशी बोलण्याचे काम तीच करते. तिच्यावर बसणारा ‘पल्सऑडिओ’ हा ध्वनी-सेवक लेनार्ट पोएटरिंग यांनी लिहिला. नोव्हेंबर २००७ च्या फेडोरा ८ मध्ये तो प्रथम मूळ व्यवस्थेचा भाग झाला, आणि पुढील काही वर्षे आवाज येत नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. त्याची जागा आता बऱ्याच वितरणांमध्ये विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’ने घेतली आहे, फेडोरात हा बदल २०२१ मध्ये झाला. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांसाठीची प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिलाही पुढील विवेचन लागू पडते.

टक्का म्हणजे किती?

आज्ञेत आवाज टक्क्यांत सांगितला जातो. पन्नास टक्के म्हणजे निम्मा आवाज असे सहज वाटते. तसे नाही, आणि येथेच बहुतेकांची फसगत होते.

मानवी कान बेरजेने ऐकत नाही, तो गुणाकाराने ऐकतो. ध्वनीची ऊर्जा दहापट झाली तर ऐकणाऱ्याला तो दहापट मोठा वाटत नाही, साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ध्वनी डेसिबलमध्ये मोजतात. या एककाला टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव दिलेले आहे. बेल मूलतः बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते, आणि त्यांच्या आईला व पत्नीलाही ऐकू येत नसे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. डेसिबलच्या मोजणीत ऊर्जा दहापट झाली की दहाची भर पडते. लहरीची उंची निम्मी केली तर सुमारे ६ डेसिबलची घट होते.

पल्सऑडिओने कानाचा हा स्वभाव लक्षात घेऊन घनाचे सूत्र स्वीकारले. आज्ञेत ५० टक्के म्हटले की लहरीची उंची ०.५ चा घन, म्हणजे ०.१२५ इतकी होते. एक-अष्टमांश. डेसिबलमध्ये ही घट सुमारे १८ भरते. याउलट अल्साची साधी आज्ञा चिपमधील पायऱ्या मोजते. इंटेलने १९९७ मध्ये ठरवलेल्या एसी-९७ या मानकात मुख्य आवाजाची पायरी १.५ डेसिबलची होती आणि पाच बिटांत अशा ३२ पातळ्या बसत. वरून खालपर्यंत ४६.५ डेसिबलचा पल्ला. त्यात मधली पायरी म्हणजे सुमारे २३ डेसिबलची घट. एकाच यंत्रावर एक आज्ञा ५० टक्के सांगते आणि दुसरी त्याच वेळी भलताच आकडा दाखवते, याचे कारण हे. दोघीही बरोबर असतात, मोजपट्ट्या वेगळ्या असतात. अल्साच्या आज्ञेला ‘-एम’ हा मोठ्या अक्षरातील पर्याय जोडला तर तीही कानाला मानवणारी मोजपट्टी वापरते.

आज्ञा

या लेखात आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात, आकडेही इंग्रजीच द्यावे लागतात. ‘५०’ असे देवनागरीत टाइप केल्यास आज्ञा तो आकडा मानत नाही. भारतीय भाषांत खिडक्या, मेनू, सूचना सर्व आले. आज्ञांची भाषा मात्र अजून रोमनच राहिली आहे.

पहिली आज्ञा एमिक्सर. अक्षरे : ए, एम, आय, एक्स, ई, आर. सर्व अक्षरे लहान.

एमिक्सर सेट मास्टर ६०% अनम्यूट

यातील ‘मास्टर’चे पहिले अक्षर मोठे. या एका ओळीने दोन कामे होतात : मुख्य आवाज साठ टक्क्यांवर येतो आणि बंद असल्यास सुरू होतो. थोडा वाढवायचा असेल तर ६०% च्या जागी ‘५%+’, कमी करायचा असेल तर ‘५%-’. अनम्यूटच्या जागी म्यूट लिहिल्यास आवाज बंद होतो, आणि टॉगल लिहिल्यास असलेली स्थिती उलटते.

पल्सऑडिओची आज्ञा पॅक्टल. अक्षरे : पी, ए, सी, टी, एल.

पॅक्टल सेट-सिंक-व्हॉल्यूम @डिफॉल्ट_सिंक@ ६०%
पॅक्टल सेट-सिंक-म्यूट @डिफॉल्ट_सिंक@ ०

‘सिंक’ म्हणजे ध्वनी जेथे ओतला जातो ते ठिकाण, स्पीकर वा हेडफोन. दोन ॲट चिन्हांमधील शब्द सर्व मोठ्या अक्षरांत लिहायचे. शेवटचे शून्य म्हणजे ‘म्यूट नको’, १ म्हणजे ‘म्यूट कर’. पाइपवायर असलेल्या यंत्रांवरही त्याचा पल्सऑडिओशी जुळवून घेणारा भाग बसवलेला असेल तर पॅक्टल चालते. पाइपवायरची स्वतःची आज्ञा डब्ल्यूपीसीटीएल ही आहे :

डब्ल्यूपीसीटीएल सेट-व्हॉल्यूम @डिफॉल्ट_ऑडिओ_सिंक@ ६०%

ही झाली सरळ वाट. आवाज तरीही येत नसेल तर खालच्या कुंडीत उतरावे लागते. ‘अल्सामिक्सर’ असे टाइप केल्यावर टर्मिनलमध्येच उभ्या पट्ट्या दिसतात : मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम. डाव्या-उजव्या बाणाने पट्टी निवडावी, वर-खाली बाणाने आवाज बदलावा. पट्टीखाली ‘एमएम’ असेल तर तो मार्ग बंद आहे, ‘ओओ’ असेल तर खुला. एम ही कळ दाबली की स्थिती बदलते. अल्साच्या सुरुवातीच्या काळात नव्या यंत्रावर सर्व पट्ट्या मुळातच बंद असत. ही चूक नव्हती. एसी-९७ च्या चिपा चालू होताना स्वतःला बंद स्थितीतच ठेवत, जेणेकरून अचानक मोठा आवाज निघू नये. पण त्या काळी लिनक्स शिकू पाहणाऱ्या किती जणांचा पहिला दिवस या दोन अक्षरांपायी वाया गेला असेल, याची गणती नाही.

आणखी एक शक्यता तपासावी. मॉनिटर एचडीएमआय तारेने जोडलेला असेल तर यंत्र ध्वनी मॉनिटरकडे पाठवत असते, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. ‘एप्ले -एल’ या आज्ञेने यंत्रातील सर्व ध्वनिकार्डांची क्रमांकासह यादी मिळते. त्यावरून एमिक्सरला ‘-सी १’ असा पर्याय देऊन नेमक्या कार्डाशी बोलता येते. क्रमांकाविना दिलेली एमिक्सरची आज्ञा आजच्या बहुतेक यंत्रांवर ध्वनी-सेवकाकडेच जाते. क्रमांक दिला की ती थेट चिपकडे जाते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

विंडोजवर यासाठी सोपी अंगभूत आज्ञा नाही. निरसॉफ्टचा ‘निरसीएमडी’ हा मोफत प्रोग्रॅम वापरतात. त्यात आवाज ० ते ६५५३५ या आकड्यांत द्यावा लागतो. मॅकवर ‘ओएसएस्क्रिप्ट’ या आज्ञेतून ० ते १०० असा आवाज ठरवता येतो.

न पाहता, न ऐकता

आता मूळ प्रश्नाकडे. दृष्टिहीन विद्यार्थी अशा यंत्रासमोर बसला आहे की जे बोलत नाही. ते बंद आहे, की चालू असून मुके आहे, हेही त्याला ठाऊक नाही. पंख्याची घरघर आणि हाताला लागणारी गरम हवा एवढेच पुरावे.

येथे ‘टॉगल’चा उपयोग नाही, उलट अपाय आहे. टॉगल म्हणजे आहे त्याच्या उलट कर. आवाज चालू होता पण दुसऱ्याच कारणाने ऐकू येत नव्हता, तर टॉगलने तो बंद होईल, आणि विद्यार्थी आधीपेक्षा अधिक अडचणीत सापडेल. कीबोर्डवरील आवाज बंद करण्याची कळ बहुधा याच प्रकारची असते, आणि कक्षातील अनेक साध्या कीबोर्डांवर तर ती नसतेच. ‘पाच टक्के वाढव’ या आज्ञेचेही तसेच. शून्यावरून वाढला की ऐंशीवरून, हे कळत नाही. परंतु ‘साठ टक्के कर आणि सुरू कर’ ही आज्ञा आधीच्या स्थितीवर अवलंबून नाही. ती एकदा दिली काय, दहादा दिली काय, परिणाम एकच. चित्राची पट्टी हालचाल मागते. ही आज्ञा मुक्काम सांगते. ज्याला सद्यःस्थिती कळण्याचा मार्गच उरलेला नाही, त्याच्यासाठी मुक्काम सांगणारी आज्ञा हीच खात्रीची.

उबुंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी या तीन कळा एकत्र दाबल्या की टर्मिनल उघडते. थोडे थांबून वरील आज्ञा टाइप करावी, एंटर दाबावे. नंतर सुपर (विंडोजचे चिन्ह असलेली कळ), ऑल्ट आणि एस एकत्र दाबल्यास ‘ऑर्का’ हा पडदावाचक सुरू होतो. तो आधीच सुरू असेल तर बंद होतो, म्हणजे हेसुद्धा टॉगलच, याचे भान ठेवावे. त्यापेक्षा ‘ऑर्का --रिप्लेस’ अशी आज्ञा द्यावी. तिने जुना ऑर्का असल्यास तो बाजूला होऊन नवा सुरू होतो आणि संभ्रम राहत नाही. आवाज आला की नाही हे तपासण्यासाठी ‘ईस्पीक-एनजी -व्ही एमआर’ असे लिहून पुढे अवतरणचिन्हांत मराठी वाक्य दिल्यास यंत्र ते मराठीत उच्चारते. जोनाथन डडिंग्टन यांच्या ईस्पीक या वाचायंत्रणेचे हे पुढचे रूप मराठीसह अनेक भारतीय भाषा बोलते. उच्चार यांत्रिक आहे, जोडाक्षरांवर अडखळतोही. पण अगदी हलक्या यंत्रावर चालतो. विंडोजवर ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा मोफत पडदावाचकही हीच वाचायंत्रणा सोबत देतो. करन स्वतः दृष्टिहीन आहेत.

इतकी अक्षरे अचूक टाइप करणे नवशिक्याला जड जाईल. म्हणून शिक्षकाने ती ओळ एका लहानशा फाईलमध्ये लिहून तिला ‘बोल’ असे दोन-तीन अक्षरी रोमन नाव द्यावे आणि चालवण्याजोगी करून ठेवावी. त्या फाईलमध्ये आधी चिपच्या पातळीवरील मास्टर, हेडफोन व स्पीकर खुले करणाऱ्या ओळी, मग ध्वनी-सेवकाची ओळ, शेवटी ‘आवाज सुरू आहे’ असे बोलणारी ईस्पीकची ओळ असावी. ही फाईल तीन कळांच्या एखाद्या जोडणीला बांधता येते. मग टर्मिनलही उघडावे लागत नाही. फाईलचे नाव देवनागरीत ठेवायला लिनक्सची हरकत नसते, पण ते टाइप करण्यासाठी आधी कीबोर्ड बदलावा लागतो, आणि तो बदलला की नाही हे पुन्हा न पाहता कळत नाही. येथे रोमन नावच सोयीचे.

या बाबतीत डेबियनने दाखवलेली दृष्टी नमूद करण्यासारखी आहे. तिच्या स्थापनेच्या पहिल्याच टप्प्यावर यंत्र एक टिटवीसारखी शीळ देते. ती ऐकू आली की एस ही कळ आणि एंटर दाबायचे; तेथून पुढची संपूर्ण स्थापना बोलून दाखवली जाते. यंत्रात प्रणालीच नाही अशा अवस्थेतही दृष्टिहीन माणूस ती एकट्याने बसवू शकावा, हा विचार त्यामागे आहे.

संगणक कक्षातील वीस यंत्रे

शिक्षकाच्या बाजूने पाहता कमांड लाईनचा दुसरा उपयोग असा की, प्रत्येक यंत्राजवळ न जाता सर्वांचा आवाज एका जागेवरून ठरवता येतो. जाळ्याने जोडलेल्या यंत्रांवर ‘एसएसएच’ या मार्गाने आज्ञा पाठवता येते. वीस यंत्रे असतील तर चार ओळींच्या फाईलने वीसही यंत्रे सकाळी साठ टक्क्यांवर येतात.

यात एक खाच आहे. पल्सऑडिओ आणि पाइपवायर हे ध्वनी-सेवक प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र चालतात. शिक्षकाने स्वतःच्या नावाने दुरून प्रवेश करून पॅक्टलची आज्ञा दिली, तर ती शिक्षकाच्या ध्वनी-सेवकाकडे जाते, समोर बसलेल्या विद्यार्थ्याच्या नव्हे. किंवा सेवक सापडला नाही असा संदेश येतो. म्हणून दुरून काम करताना कार्डाच्या क्रमांकासह एमिक्सर वापरावे. शिक्षकाच्या खात्याला ध्वनियंत्रणा वापरण्याची परवानगी असली म्हणजे झाले. ठरवलेली पातळी यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाल्यावर टिकावी यासाठी ‘अल्साकंट्रोल स्टोअर’ ही आज्ञा मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने द्यावी लागते. रोमनमध्ये ती ए, एल, एस, ए, सी, टी, एल अशी.

पातळी ठरवताना कानाचा विचार अगत्याचा आहे, आणि बऱ्हाणपुरात तो अधिकच. हे यंत्रमागांचे शहर आहे. धोटा चालणाऱ्या यंत्रमागांच्या शेडमधील आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. घरातच माग असेल तर ती कोण मोजणार? अशा आवाजातून बाहेर पडल्यावर काही तास ऐकू येण्याची पातळी तात्पुरती खालावलेली असते. तो मुलगा संगणकासमोर बसून हेडफोन लावतो तेव्हा त्याला साठ टक्के पुरत नाहीत, तो नव्वदवर नेतो. थकलेल्या कानावर आणखी भार पडतो आणि त्याला स्वतःला ते जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये. मुलांसाठी हीच पातळी ७५ धरली आहे. पुढे दर ३ डेसिबलच्या वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत तर कान हेच वाचनाचे साधन असल्याने तो रोज कित्येक तास हेडफोन लावून बसणार, हे धरूनच चालले पाहिजे. त्याचे डोळे नाहीत म्हणून कान वापरायचे, आणि वापरताना कानही गमवायचे, असे होता कामा नये.

आज्ञेतील टक्का आणि कानाशी पोहोचणारे डेसिबल यांचे थेट गणित मात्र मांडता येत नाही. एका हेडफोनला साठ टक्के सौम्य असतील, दुसऱ्याला कर्कश. कक्षातील हेडफोन एकाच बनावटीचे घ्यावेत आणि ध्वनिमापक मिळाल्यास एकदा मोजून टक्का ठरवावा, हेच व्यवहार्य. पाइपवायरच्या आज्ञेत ‘-एल १.०’ हा पर्याय दिला तर त्या आज्ञेने आवाज शंभर टक्क्यांपलीकडे जात नाही. पल्सऑडिओच्या आज्ञेला असा बांध नाही. तेथे १५० टक्केही चालतात, आणि ५० लिहिताना एक शून्य जास्त पडले तर ५०० टक्केही स्वीकारले जातात. घनाच्या सूत्राने ही वाढ १२५ पट, म्हणजे सुमारे ४२ डेसिबल होते. मोठा ध्वनी फाटून कमाल मर्यादेशी थांबेल, पण अगदी हळू ध्वनीही त्या मर्यादेपर्यंत चढेल. त्यामुळे आज्ञा प्रथम देताना हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवावा, आवाज ऐकू येतो का ते दुरून पाहावे, आणि मगच तो कानाला लावावा. ‘बोल’ फाईलमध्ये टक्का आधीच लिहिलेला असल्याने तेथे ही चूक होत नाही. आणि त्या फाईलच्या कळजोडणीची ब्रेल पट्टी कीबोर्डच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवली, तर नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला ती कोणाला विचारावी लागत नाही.